आधी सांगा, होडी कशाची?

जून उजाडला की कोकणपट्टीवरच्या बंदरांचा नूर पालटतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. हे ६१ दिवस समुद्र माशांचा आणि किनारा दुरुस्तीचा. हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात, मिरकरवाड्यात ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. लहान होड्या उधाणाच्या भरतीला वर ओढायच्या, खाली ओंडके सारायचे, वरून झापांनी किंवा निळ्या ताडपत्रीने शाकारायच्या, ही धांदल आठवडाभर चालते. मग पावसाची उघडीप मिळाली की ताडपत्रीखालून ठोकाठोकीचे आवाज सुरू होतात.

या दिवसांत किनाऱ्यावर एक माणूस हमखास भेटतो. होडी त्याची नसते, बहुधा गावही त्याचं नसतं. हात पाठीमागे बांधून तो दुसऱ्याच्या होडीभोवती फिरतो. मध्येच थांबून बोटाच्या पेराने फळीवर टकटक करतो, कान देतो, दोन हात पुढे सरकून पुन्हा टकटक करतो. आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणतो, “ही फळी यंदा काढा. आतून गेली.” चांगलं लाकूड खणखणीत बोलतं आणि कुजलेलं दबक्या आवाजात, एवढंच त्यामागचं ज्ञान. पण ते कानात मुरायला अर्धा जन्म जातो. हे पुस्तक अशा माणसांच्या बोलण्याचं आहे. त्यांची नावं इथे नाहीत. बहुतेकांनी ती सांगितली नाहीत, आणि ज्यांनी सांगितली त्यांनी छापू नका म्हणून बजावलं.

होडीची दुरुस्ती घरात शिकायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. बाप तांडेल, पोरगा खलाशी, वाडीत एखादा मिस्त्री, झालं. होडी एकाच प्रकारची होती तोवर ते खरंही होतं. आताची होडी पाहा. पठाण (तळाचा कणा) आणि फासळ्या लाकडाच्या, अंगावर फायबरचं आवरण, पोटात डिझेल इंजिन, केबिनमध्ये जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस, आणि या सगळ्यांना पोसणाऱ्या बॅटऱ्या. लाकूड, रसायन, यंत्र, वीज अशी चार शास्त्रं एका सांगाड्यात कोंबलेली आहेत. ती चारही कुणा एका घरात सापडणार नाहीत. लाकडाचा जाणता मिस्त्री फायबरला हात लावत नाही. फायबरवाल्या पोराला साग आणि आईन यांतला फरक सांगता येत नाही. मधल्या सांध्यातून पाणी आत येतं, आणि नेमका तो सांधा या दोघांपैकी कुणाचाच नसतो.

घरच्यांना विचारण्यात आणखी एक अडचण आहे, जी कुणी बोलून दाखवत नाही. काकाला विचारलं की काकाची पद्धत पाळावी लागते. नाही पाळली तर गणपतीपर्यंत अबोला. परक्याचा सल्ला ऐकून सोडून देता येतो. परकाही मोकळा असतो. शेजारच्या बोटीच्या मालकाला तो जे सांगणार नाही, कारण उद्या त्याच्याशीच मासळीच्या लिलावात गाठ आहे, ते लांबून आलेल्या माणसाला चहाच्या घोटाबरोबर सांगून टाकतो. रत्नागिरीच्या बोटींवर आज नेपाळहून आलेले कितीतरी खलाशी आहेत. ज्याच्या देशाला समुद्र नाही त्याच्याकडून दोरखंड सांधायला शिकायचं, याचं जुन्या तांडेलांना हसू येतं. मला येत नाही. तो पोरगा चार बंदरांवर चार मालकांकडे राबलेला असतो. एकाच धक्क्यावर जन्म काढलेल्या माणसापेक्षा त्याने जास्त बोटी फुटलेल्या पाहिलेल्या असतात.

आणि परक्याकडून शिकणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही. मुंबईच्या गोदीचा लौकिक ज्या वाडिया घराण्याने केला, त्यातले लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून बोलावून आणलेले. त्यांच्या वंशजांच्या हाताखाली १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. अगदी अलीकडचं उदाहरण ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाचं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून त्याचा आकार घेतला, बांधणी गोव्यात झाली, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या त्या केरळहून आलेल्या बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. चित्र महाराष्ट्रातलं, हात मलबारचे. एक खिळा न वापरता फळ्या कशा धराव्यात, हे अजिंठ्याची भिंत सांगत नाही. ते ज्याच्या हातात होतं त्याच्याकडे जावं लागलं.

आता मुद्द्यावर येतो. परक्याचा सल्ला फुकट मिळतो, पण तो अर्धाच मिळतो. उरलेला अर्धा म्हणजे त्याची होडी. ती कोणत्या लाकडाची, कोणत्या पाण्यात उभी राहते, वर्षातून किती दिवस वाळूवर असते, आणि ती युक्ती किती हंगाम टिकली. हा अर्धा भाग सांगणारा स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला तो इतका अंगवळणी पडलेला असतो की सांगण्यासारखा वाटतच नाही. तो आपणच विचारून घ्यायचा. या संकलनातली प्रत्येक युक्ती मी त्या प्रश्नांसकट घेतली आहे. ज्या युक्तीची होडी कळली नाही ती, कितीही चटकदार असली तरी, गाळली आहे.

उदाहरण घेऊ. फळ्यांमधल्या फटींत कापूस भरायचा आणि वरून राळ-तेलाचं मिश्रण किंवा लांबी फासायची, हे सगळ्या किनाऱ्यावर सारखंच. कापसाचा पीळ बोथट पटाशीने आणि मोगरीने ठोकत न्यायचा. पण किती घट्ट? एक जण सांगतो, दगडासारखा ठोक. दुसरा सांगतो, बोट दाबलं की किंचित दबला पाहिजे. दोघेही चाळीस-चाळीस वर्षं पाण्यातले, दोघांच्याही होड्या कोरड्या. भांडण लागावं अशी परिस्थिती. उलगडा होडी विचारल्यावर होतो. पहिल्याची होडी खाडीत बारमाही पाण्यात असते, चार दिवसांसाठी वर ओढली जाते, फळ्या भिजून फुगलेल्याच असतात. दुसऱ्याची मे महिन्यापासून उन्हात पडलेली, फळ्या वाळून आकसलेल्या. वाळलेल्या फटीत कापूस गच्च ठोकला आणि होडी पाण्यात उतरवली, की फळ्या फुगतात, कापसाला सरकायला जागा नसते, मग जोर खिळ्यांवर आणि फासळ्यांवर जातो. गळती थांबवायला गेलेला माणूस होडीचे सांधे उचकटून बसतो. म्हणून हा दुसरा माणूस पाण्यात उतरवण्याआधी काही दिवस होडीच्या पोटात ओली गोणपाटं पसरून ठेवतो आणि संध्याकाळी त्यांच्यावर बादलीभर पाणी मारतो. समुद्राचं पाणी, नळाचं नव्हे.

नळाचं का नव्हे, हेही ऐकण्यासारखं आहे. नवख्याला वाटतं, खारं पाणी लाकडाचा शत्रू आणि पाऊस निरुपद्रवी. लाकडी होडीचं उलटं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, मीठ तिला आवरून धरतं. म्हणून जुन्या होड्या पाण्याच्या रेषेखाली ठणठणीत आणि वर, डेकच्या कोपऱ्यात, नाळेच्या सांध्यात, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं तिथे, भुसा झालेल्या दिसतात. खाऱ्या पाण्यातलं संकट वेगळं. तिथे लाकूड पोखरणारा टेरेडो असतो. दिसायला अळीसारखा, पण जातीने शिंपल्याचा भाऊबंद. बाहेरून टाचणीएवढं भोक, आत बोटभर बोगदे. त्याच्यासाठी पूर्वी मुशीच्या काळजाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, उंडीच्या बियांचं तेल असे लेप चालत. आता रंगाचे डबे आले. तेलांबद्दल किनाऱ्यावर अजून हळवेपणा आहे. तो मी समजू शकतो, पण पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोनच पानं दिली आहेत. डबे चांगले आहेत आणि वास कमी मारतात.

इंजिनाच्या प्रकरणातली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुस्तकातल्या सगळ्या युक्त्यांत मला ती सर्वांत देखणी वाटते. इंजिनाचा शाफ्ट जिथे बोटीच्या तळातून बाहेर पंख्याकडे जातो, तिथे ग्लँड असतो. शाफ्टभोवती चरबी लावलेल्या दोरीच्या कड्या बसवलेल्या, वरून नट आवळलेला. मालवणकडच्या एका बोटीवर नव्या पोराने ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येताना पाहिलं आणि पाना उचलला. बाजूच्या बोटीवरून एक म्हातारा हे बघत होता. ओळख ना पाळख. त्याने तिथूनच आवाज दिला, “थेंब पडूकच व्हयो. थेंब बंद झालो तर शाफ्ट जळतलो.” मग तो इकडे आला, इंजिन सुरू करायला लावलं, नट थोडा सैल केला, शाफ्ट फिरत असताना थेंब पडू दिले, आणि मग ग्लँडच्या बाहेरच्या अंगाला हाताचा मागचा भाग लावून पोरालाही लावायला सांगितला. कोमट लागलं तर चालेल, चटका बसला तर पुन्हा सैल कर. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब, थांबला की जवळजवळ बंद. ते पाणीच कड्यांना थंड ठेवतं आणि वंगणाचं काम करतं. जाताजाता त्याने आणखी एक सांगितलं. नव्या कड्या कापताना तोंड तिरपं काप, आणि एका कडीचं तोंड दुसरीच्या तोंडासमोर येऊ देऊ नको, नाहीतर पाण्याला सरळ रस्ता मिळतो. हे सगळं इंजिनाच्या माहितीपुस्तकात असतं. पण हाताची मागची बाजू लावायची, तळवा नाही, हे तिथे नसतं. तळव्याला घट्टे पडलेले असतात, त्याला ऊब कळत नाही. आणि फिरणाऱ्या शाफ्टजवळ बोटं आत वळलेली असली पाहिजेत.

दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. एक, घरी पोचवणारी. दुसरी, हंगाम काढणारी. पहिल्या प्रकाराचा माझ्या माहितीतला सर्वांत थोर नमुना एका मुंबईत बांधलेल्या बोटीचाच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची सागवानी शिडाची बोट कुलाब्याला तयार झाली. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून ते तिच्यातून एकटेच निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. तसं करणारे ते पहिले. पण अटलांटिकमध्येच बोट पाणी घेऊ लागली होती. त्यांनी बुडी मारून पाहिलं तर तळाजवळची फट उघडली होती. नुसता कापूस ठोकून भागेना, लाटेच्या हेलकाव्यात तो निघून येई. मग त्यांनी कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवून घेतला, डांबर फासलं, ती पट्टी फटीवर धरून तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि वरून तांब्याच्या पत्र्याची पट्टी मारली. श्वास कोंडून, खाली जाऊन वर येऊन. पाण्यात गोरं अंग चमकू नये म्हणून गडद कपडे घातले होते. तरी मध्येच एक शार्क आला, तेव्हा वर चढून त्याला गोळी घालावी लागली. ही हकीगत त्यांनी आपल्या ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ या पुस्तकात सांगितली आहे. कापूस, डांबर, तांब्याच्या चुका. आपल्या कुठल्याही बंदरावरच्या मिस्त्रीच्या पेटीत सापडणारं सामान. पुढे २००६ मध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची तयारी करणारे नौदलाचे दिलीप दोंदे याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शर्यतीच्या बोटीवर हाताखाली राबायला गेले. मग गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून, ऑगस्ट २००९ ते मे २०१०, त्यांनी ती पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. मुंबईतून विलायतेला गेलेलं काही इकडे परतलं, असं म्हणायला हरकत नाही.

याच प्रकाराचं दुसरं टोक म्हणजे सिमेंट. तळाला भोक पडलं, किनारा लांब, तर गोणपाटात चिकणमाती किंवा सिमेंट भरून आतून दाबायचं आणि वर फळी ठोकायची, ही युक्ती प्रत्येक बंदरावर कुणीतरी अभिमानाने सांगतं. खरीच आहे. माणसं वाचली आहेत तिने. पण तोच सिमेंटचा गोळा नंतर तीन हंगाम तसाच राहिला, तर त्याच्या आणि लाकडाच्या मधे ओल धरते, आणि फोडून काढाल तेव्हा सोबत अर्धी फळी हातात येते. सांगणाऱ्याने घरी पोचवणारी युक्ती सांगितली, ऐकणाऱ्याने हंगाम काढणारी समजून घेतली. म्हणून या पुस्तकात प्रत्येक युक्तीच्या कडेला ‘घरी’ किंवा ‘हंगाम’ असा शिक्का आहे. एम-सीलपुढे सगळीकडे ‘घरी’ आहे. त्यावरून काही जण नाराज होतील.

काही सल्ले ‘घरी’ही नाहीत आणि ‘हंगाम’ही नाहीत, ते सरळ टाकून देण्याचे आहेत. फायबरच्या कामात पाहा. रेझिनमध्ये दोन गोष्टी घालतात. जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. “वेळ वाचव, दोन्ही एका वाटीत एकत्र करून मग ओत,” असं सांगणारा माणूस भेटला तर त्याचे आभार मानून दूर उभे राहा. ही दोन रसायनं थेट एकमेकांत मिसळली की पेट घेतात, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर त्यानंतर, तोही साधारण शंभराला एक-दोन या मापाने. बरीच रेझिनं कोबाल्ट घालूनच येतात, तेव्हा डबा वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. हा सल्ला देणारा माणूस खोटारडा नसतो. त्याने दोन्ही एकापाठोपाठ रेझिनात ओतलेली असतात आणि आठवणीत ती एका वाटीत गेलेली असतात. बोलण्यात एक पायरी गळते, एवढंच. लाकडाच्या कामात गळलेली पायरी फळी खाते, इथे ती बोटं खाते.

फायबरमधली ओल हा दुसरा गहन विषय. पावसाळ्यात ठिगळ लावलं आणि दिवाळीला निघून आलं, ही तक्रार घरोघरी आहे. कारण बहुधा रेझिनचं नसतं, आतल्या ओलीचं असतं. चिरेतून आत गेलेलं पाणी थरांमध्ये बसून राहतं आणि वरून सगळं कोरडं दिसतं. हे ओळखायला एका माणसाने सांगितलेला उपाय मला फार आवडला. तो घासलेल्या जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो. प्लास्टिकच्या आतल्या अंगावर दव धरलं, तर काम पुढे ढकलायचं. खर्च शून्य, आणि घाईची खोड मोडते.

विचारायचं कसं, यावर पुस्तकात वेगळं प्रकरण नाही, म्हणून इथे थोडं. होडी वर ओढण्याच्या वेळी किंवा भरती चढत असताना कुणाला काही विचारू नये. उधाणाच्या भरतीला वर चढवलेली होडी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, कोरडी राहते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्या मधल्या दिवसांत माणसं सैल असतात. “तुमच्या होडीला काय काय झालं?” असा प्रश्न विचारावा. “ही गळती कशी थांबवू?” असा विचारला तर उत्तर चटकन मिळतं आणि तिथेच संपतं. होडीचा इतिहास विचारला की माणूस पहिल्या खिळ्यापासून सुरू करतो. पितळी स्क्रू वापरले होते, काही वर्षांनी काढले तर गुलाबी पडलेले, पिळले की खडूसारखे तुटले, कारण खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त ओढून घेतलं होतं. मग तो तांब्यावर आला. मग पंख्याजवळ जस्ताची वडी बसवायला लागला. ती अर्धी झिजली की बदलतो, आणि रंगवणाऱ्या पोराला दरवर्षी ओरडून सांगतो की तिच्यावर ब्रश फिरवू नको, रंगली तर ती झिजणार नाही आणि तिच्याऐवजी पंखा झिजेल. हे सगळं एका “काय काय झालं?”च्या पोटातून निघतं. चहाचे पैसे आपण द्यावेत, हे सांगायला नको.

पुस्तकाचे भाग लाकूड, फायबर, इंजिन आणि वीज असे आहेत. विजेचा भाग तोकडा आहे. ज्यांना ते काम चांगलं येतं ती तरुण पोरं आहेत आणि त्यांना थांबून बोलायला सवड नसते. पाण्यात पडलेल्या आउटबोर्ड इंजिनाची चार पानं मात्र प्रत्येक होडीवाल्याने आधी वाचावीत. बाहेर काढल्यावर ते उन्हात वाळत ठेवायचं नाही, मेकॅनिक येईपर्यंत गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं, हे एवढं जरी लक्षात राहिलं तरी त्या पानांचा कागद वसूल झाला.

काही वाद मला मिटवता आले नाहीत. फायबरच्या भोकावर मॅटचे थर लावताना सर्वांत मोठा तुकडा आधी लावायचा की सर्वांत लहान, यावर दोन कसबी माणसांची मतं विरुद्ध आहेत. मोठा आधी लावणारा म्हणतो, पहिलाच थर सगळीकडे जुन्या फायबरला धरतो, त्यामुळे पकड दांडगी. लहान आधी लावणारा म्हणतो, शेवटी घासून सपाट करताना तुझ्या थरांच्या कडा उघड्या पडतात, माझा वरचा मोठा तुकडा सगळ्यांना झाकतो. दोघांनीही कडा भोकाच्या भोवती लांबवर, जाडीच्या बारापट, उतरत्या घासून घेतल्या होत्या, आणि दोघांचीही ठिगळं मी अंगठ्याने दाबून, नाण्याने ठोकून पाहिली. दोन्ही पद्धती समोरासमोरच्या पानांवर छापल्या आहेत, दोघांच्या होड्यांच्या वर्णनासकट.